शिवार नगरचं, पेला पुण्याचा

पुण्याला बाहेरून आलेल्या पाहुण्याला आता मिसळीच्या आणि बाकरवडीच्या बरोबरीने क्राफ्ट बिअरचे पत्तेही सांगितले जातात. याची सुरुवात २००९ सालची. उंड्रीच्या बाजूला एका क्लबाच्या आवारात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाऊफ या जर्मन ब्रूअरला हाताशी धरून ‘डूलाली’ सुरू केली, आणि जिथे शिजते तिथेच ओतून दिली जाणारी बिअर पुणेकरांना मिळू लागली. पुढच्या काही वर्षांत ‘इंडिपेन्डन्स’, ‘एफिंगट’, ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ ही नावं त्यात आली. रिवाज असा, की नवख्या माणसापुढे लाकडी फळीवर पाच-सहा छोटे पेले मांडायचे. एक गव्हाची, गढूळसर. एक जिभेच्या मुळाशी कडू लागणारी. एक कॉफीसारखी काळी. आणि नशीब असेल तर एखादी कोकम घातलेली, आंबट-खारट. प्रत्येक पेल्यासोबत सांगितलं जातं की ही बिअर ताजी आहे, छोट्या घाण्याची आहे, इथली आहे. ताजेपणाबद्दल वाद नाही. छोटा घाणा काचेमागे दिसतोच. ‘इथली’ या दाव्याचं काय, हे मात्र पुण्यात बसून नीट तपासता येत नाही. त्यासाठी एकशे वीस किलोमीटर ईशान्येला, नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात उतरावं लागतं.

बिअरचे जिन्नस चार: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. आपल्याकडची बार्ली मुख्यतः राजस्थान-हरियाणाकडची. रंग आणि चव देणारं खास माल्ट जर्मनी-बेल्जियमहून येतं. हॉप्सची थोडी लागवड हिमाचलच्या लाहौलमध्ये होते, पण क्राफ्ट बिअरला लागणारे सुगंधी हॉप्स बहुतेक परदेशी. यीस्टही बऱ्याचदा परदेशातून पाकिटात येतं. मग पुण्याचं काय उरलं? पाणी, वीज, कामगार आणि जागेचं भाडं. यात फसवणूक आहे असं माझं म्हणणं नाही. जिन्नस बाहेरून आणून कौशल्य इथे लावणं हा जगभरचा मान्य धंदा आहे. पण ‘स्थानिक’ या बिरुदावर जास्तीचा पैसा घेतला जात असेल, त्या बिरुदावर पर्यटन उभं राहत असेल, आणि उद्या त्याच बिरुदावर सरकारकडे करसवलत मागितली जाणार असेल, तर ते बिरुद मोजायची काहीतरी फूटपट्टी हवी. माझ्या मते ती फूटपट्टी तिहेरी असावी: धान्य कुठल्या शिवाराचं, पाणी कुठल्या धरणाचं, आणि त्या दारूचे परिणाम भोगणाऱ्यांना नकाराधिकार आहे की नाही. या तिन्ही बाबतीत नगर जिल्ह्याइतका चोख साक्षीदार महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही.

नगरला बिअरसाठी कोणी येत नाही. येतात ते शिर्डीला, शिंगणापूरला, भंडारदऱ्याला, निघोजचे रांजणखळगे बघायला. तरीही मद्याशी या जिल्ह्याचं नातं पुण्याच्या कुठल्याही पबपेक्षा जुनं आहे. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला महादेव लक्ष्मण डहाणूकरांनी १९३३ साली महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी उभी केली. साखरेमागून मळी आली आणि मळीमागून मद्यार्क. आजची टिळकनगर इंडस्ट्रीज ती हीच. तिची मॅन्शन हाउस ब्रँडी दक्षिणेत धो-धो खपते, आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिने पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडून इम्पीरियल ब्लू व्हिस्कीचा व्यवसाय सुमारे ४,१५० कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला. देशातल्या सर्वाधिक खपाच्या व्हिस्कींपैकी एक, आणि ती विकत घेणाऱ्या कंपनीची मुळं श्रीरामपूर तालुक्यात. हे नगरच्याही किती लोकांना ठाऊक असेल, शंकाच आहे. तिकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना धूर सोडू लागला आणि त्या वाटेने जिल्हाभर कारखाने झाले, त्यांच्या शेजारी आसवन्या झाल्या. एक टन उसातून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते आणि तिच्यातून दहा लिटरच्या आसपास मद्यार्क. तो मद्यार्क कधी देशीच्या बाटलीत गेला, कधी विदेशी म्हणवणाऱ्या व्हिस्कीत, आणि अलीकडे मोठ्या प्रमाणावर इथेनॉल होऊन पेट्रोलच्या टाकीत. या सगळ्यात नगरची म्हणून ओळखता येईल अशी चव कुठेच नाही. मळीचा मद्यार्क इतका शुद्ध करतात की तो श्रीरामपूरचा काय आणि मुझफ्फरनगरचा काय, कोणाला सांगता येणार नाही. जिल्ह्याने कच्चा माल दिला, पाणी दिलं, मळीमिश्रित सांडपाण्याचा वास सोसला. नाव मात्र ब्रँडचं झालं.

पाण्याची गोष्ट याहून टोकदार आहे. बिअरचे महाराष्ट्रातले अनेक मोठे कारखाने छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्रा पट्ट्यात आहेत आणि तिथल्या उद्योगांना पाणी जातं जायकवाडीतून. जायकवाडीच्या वर गोदावरी, प्रवरा आणि मुळेवर नाशिक-नगरची धरणं: भंडारदरा, निळवंडे, मुळा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं, मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडणं आलं. २०२३ मध्ये असं साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा आदेश निघाला. दर वेळी नगरच्या सभांमध्ये एक वाक्य हमखास टाळ्या घेतं: आमच्या शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी काढून तुम्ही बिअरच्या कंपन्यांना देता. २०१६ च्या दुष्काळात तर औरंगाबाद खंडपीठानेच मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी कापायला लावलं. माणसाला प्यायला नाही तेव्हा बिअरला पाणी देऊ नये, हा आदेश नैतिकदृष्ट्या बरोबरच होता.

पण टाळ्या बाजूला ठेवून हिशोब करू. एक लिटर बिअरला कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. तिथले सगळे मद्य कारखाने मिळून दिवसाला एक कोटी लिटर पाणी घेतात असं मुद्दाम सढळ हाताने गृहीत धरलं, तरी वर्षाचे होतात ३६५ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे सगळी बिअर मिळून एका टीएमसीचा आठवा हिस्सा. आता ऊस घ्या. हेक्टरी वीस हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी उसाला लागतं असं धरलं, तर तेवढंच ३६५ कोटी लिटर पाणी अवघ्या १८२ हेक्टर उसात जिरतं. जिल्ह्यातल्या एकेका मोठ्या कारखान्याचं ऊसक्षेत्र हजारो हेक्टरांत मोजतात. तेव्हा नगरचं पाणी बिअर पिते हे म्हणणं भाषणापुरतं ठीक. नगरचं पाणी ऊस पितो, आणि उसाची मळी होऊन जी दारू बाहेर पडते ती बिअरपेक्षा कितीतरी कडक असते. पाण्याच्या नावाने बिअरला शिव्या देणारे पुढारी मळीच्या आसवनीबद्दल गप्प राहतात, यातली मेख ओळखायला फार हुशारी लागत नाही.

मग नगरच्या शिवारातून बिअर होऊ शकते का? इथे ज्वारी येते. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड हा रब्बी ज्वारीचा मुलूख. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती, फुले अनुराधा, फुले सुचित्रा असे वाण कोरडवाहू आणि बागायती रानांसाठी दिले. ज्वारीला उसाच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी पुरतं. पण ज्वारीची बिअर करणं म्हणजे बार्लीच्या जागी ज्वारी ओतणं नाही, आणि ‘मिलेट बिअर’ची पाटी लावणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. बार्लीच्या दाण्याला टरफल असतं. दळलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवून गोड रस गाळताना तेच टरफल गाळणीचं काम करतं. ज्वारीचा दाणा उघडा. त्याचा लगदा बसतो आणि रस खाली उतरेनासा होतो. दुसरी अडचण उष्णतेची. बार्लीतल्या स्टार्चची साखर बासष्ट ते अडुसष्ट अंशांत होते. ज्वारीचा स्टार्च फुलायलाच त्याहून जास्त ताप लागतो, आणि तेवढ्या तापात साखर करणारे एन्झाइम मरून जातात. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवायची, निववायची, मग बार्लीच्या माल्टात मिसळायची. ज्वारीचंच माल्ट करायचं तर दाणे भिजवून ओल्या गोणपाटावर पसरायचे, तीन-चार दिवस पाणी शिंपडत राहायचं, मोड बोटाच्या पेराएवढे झाले की वाळवायचे आणि चोळून मोड-मुळ्या झाडून टाकायच्या. शेवटची पायरी चुकवायची नाही. ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते त्यामुळेच, आणि हे गुराख्यालाही माहीत असतं.

अवघड आहे, अशक्य नाही. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या बड्या ब्रूअरींनी आरडाओरड केली, आणि मग निमूटपणे ज्वारीवर बिअर करायला शिकल्या. युगांडाचं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं. तिथे नाईल ब्रूअरीजने २००२ मध्ये स्थानिक ज्वारीपासून ईगल लागर काढली. ज्वारीचा वाण देशातल्याच संशोधन केंद्राचा होता, धान्य छोट्या शेतकऱ्यांकडून घेतलं जात होतं, आणि सरकारने स्थानिक धान्याच्या बिअरवर अबकारी कर बराच कमी ठेवला. स्वस्त झाल्याने ती खपली. आपल्या दृष्टीने बघण्यासारखी गोष्ट ही, की सवलत कंपनीच्या पत्त्याला मिळाली नव्हती, पिंपातल्या धान्याला मिळाली होती.

आता इथे एक सावधगिरी. ‘यातून शेतकऱ्याचं भलं होईल’ हे वाक्य महाराष्ट्राने मद्याच्या बाबतीत इतक्यांदा ऐकलंय की कानावर पडताच खिसा चाचपावा. एका मायक्रोब्रूअरीचा हिशोब मांडू. पाच टक्क्यांच्या आसपासच्या बिअरला लिटरमागे साधारण २०० ग्रॅम धान्य लागतं. रोज पाचशे लिटर म्हणजे १०० किलो. त्यात ज्वारीचा वाटा तीस टक्के धरला तर ३० किलो. वर्षात तीनशे दिवस काम झालं तर ९० क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारी हेक्टरी आठ-दहा क्विंटल पिकते. म्हणजे एक मायक्रोब्रूअरी दहा-अकरा हेक्टरांची ज्वारी उचलेल. पारनेरातल्या एका वस्तीचं समाधान होईल, तालुक्याचं नाही. शंभर ब्रूअरी झाल्या तरी जिल्ह्याच्या पीकरचनेला ओरखडाही उठणार नाही. ज्वारी नाहीशी होतेय त्याची कारणं रेशनचा स्वस्त गहू-तांदूळ, ऊस, सोयाबीन आणि काढणीला न मिळणारे मजूर ही आहेत. बिअर त्यावर औषध नव्हे. त्याच हिशोबाने दुसरा आक्षेपही निकालात निघतो, की ज्वारी दारूत गेली तर भाकरी महागेल. दहा हेक्टरांनी भाकरी महागत नाही. शिवाय रब्बी ज्वारीचा शेतकरी दाण्याइतकाच, कित्येकदा जास्त, कडब्याकडे बघून पेरतो. बिअरमागे उरणारा ओला चोथा गाईम्हशींना चालतो, आणि दुधाच्या जिल्ह्यात त्याला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही. फायदा छोटा आहे, तोटाही छोटा आहे, असं प्रामाणिकपणे सांगून जो ब्रूअर पुढे येईल त्याच्याशीच बोलावं.

पैसा शिवारात थांबवायचा तर त्याचा धडा नगर-पुण्याच्या वेशीवर दर हिवाळ्यात गिरवला जातोच. डिसेंबर-जानेवारीत शहरातली कुटुंबं गाडी काढून हुरड्याला येतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसलेली, राखेतून काढून तळहातावर चोळलेला हिरवा दाणा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. त्यासाठी गूळभेंडी-सुरतीसारखे वाण मुद्दाम पेरतात. राहुरीने फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण खास हुरड्यासाठी काढले. तीच ज्वारी बाजार समितीत जे मिळवते त्याच्या कितीतरी पट रानातल्या पानावर मिळवते, आणि ते पैसे रानाच्या मालकाकडे जातात. हुरडा पुण्यात नेऊन विकताही येतो, पण मजा रानात येण्यात आहे हे गिऱ्हाइकाला पटलंय. क्राफ्ट बिअरच्या पर्यटनात नेमकं उलटं होतं. पाहुणा कोरेगाव पार्कला जातो आणि धान्य त्याच्याकडे येतं, तेही जर्मनीहून.

सरकारची ‘स्थानिक’ची व्याख्या काय, हे पाहिलं की उरलेलं कोडं सुटतं. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्यातून नाशिकला खरोखर एक उद्योग आणि पर्यटन उभं राहिलं. द्राक्ष तिथलं, वायनरी तिथली, पाहुणा तिथे जाणारा. या धोरणावर टीका करण्याजोगं पुष्कळ आहे, पण सवलत पिकाला बांधलेली होती ही त्याची जमेची बाजू. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्यांना अनुदान देणारं धोरण आलं. नाव पुढे केलं खरिपात काळ्या पडणाऱ्या ज्वारीचं. परवाने कोणाकोणाला गेले त्याच्या याद्या वर्तमानपत्रांत आल्या तेव्हा राजकीय घराण्यांची नावं लोकांनी वाचली; डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला. जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय झाला, पुन्हा शेतकऱ्याच्या नावाने. अण्णा हजारेंनी राळेगणसिद्धीतून उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारने लोकांची मतं मागवण्याचं कबूल केलं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ठरावीक किमतीपर्यंतच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि सोबत ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा वर्ग काढला: राज्यातल्या उत्पादकांनी धान्यापासून केलेलं मद्य, १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये, जिथे विदेशीची २०५. स्थानिक म्हणून स्वस्त झालं काय, तर कारखान्यात उकळलेला कडक मद्यार्क. जोर उत्पादकाच्या पत्त्यावर. चव, ताकद आणि शिवार यांना त्या व्याख्येत जागा नाही. शेतकऱ्याच्या नावाने आलेल्या या धोरणांत छोट्या घाण्याला कोणी विचारलं नाही, कारण छोट्या घाण्यातून निवडणूक लढवण्याइतका पैसा निघत नाही.

इथवर वाचून नगरची एखादी बाई विचारेल: दारूच्या इतक्या बारीक चिकित्सेची आम्हाला गरज काय? हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि तो अडाणीपणातून आलेला नाही. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या. त्या बंद झाल्यावरच पाणलोटाची कामं, शाळा, दूध या गोष्टींना उभारी आली. पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय; तो मार्ग मला मान्य नाही, पण ज्या घरात रोज बायको मार खात होती तिथे तो का चालला हे कळतं. हिवरेबाजारला पोपटराव पवारांच्या काळात नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे एका दमात घेतले गेले आणि त्याच गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाणी मोजणारं गाव आणि दारू नाकारणारं गाव एकच असावं, हा योगायोग नव्हे. दोन्हीला सामूहिक शिस्त लागते. दारूच्या दुकानाविरुद्ध उभ्या राहिलेल्या महिलांचं निघोजही राळेगणच्याच पारनेर तालुक्यातलं. आणि फेब्रुवारी २०१७ मधलं पांगरमल विसरता येणार नाही. निवडणुकीच्या जेवणावळीत वाटलेल्या बनावट दारूने तिथे माणसं मेली, आणि तपास पोचला तो नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहापर्यंत.

या आक्षेपाला क्राफ्टवाल्यांचं ठरलेलं उत्तर असं, की लोक चांगली, हलकी बिअर पिऊ लागले की देशी सुटेल. हे उत्तर मला पटत नाही. पुण्यात चारशे रुपयांचा पेला घेणारा आणि पारनेरात देशीची क्वार्टर घेणारा ही दोन वेगळी माणसं आहेत; एकाचा पेला दुसऱ्याची बाटली काढून घेत नाही. पांगरमलच्या मेलेल्यांपैकी कोणी मायक्रोब्रूअरीअभावी मेला नाही. दारू सोडवायची तर त्याला दुसरी दारू हा उपाय नसतो. पण याच दाखल्यांतून दुसरंही काही दिसतं. या जिल्ह्यात दारूने जे नुकसान केलं ते जवळजवळ सगळं कडक, स्वस्त आणि निनावी दारूने केलं: मळीची देशी, हातभट्टीची, बनावट. आणि आपली व्यवस्था नेमकी त्याच प्रकाराला सोयीची आहे. परवान्याचं शुल्क, कागदपत्रं, हप्ते हे सगळं झेपतं ते मोठ्या आसवनीला, नाहीतर कायद्याबाहेरच्या भट्टीला. मधल्या माणसाला, ज्याचं नाव गावाला माहीत असेल आणि ज्याला बाटलीवर आपला पत्ता छापायला लाज वाटणार नाही, त्याला जागाच नाही. सरसकट बंदीने ही परिस्थिती बदलत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानुसार आजही प्यायला परवाना लागतो. बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. किती जण तो परवाना काढतात हे बारच्या मालकाला विचारा, तो हसेल.

बिअर आपली नाही, हे गोऱ्यांचं खूळ, असंही म्हणतात. त्यावर फार वेळ घालवायला नको. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली आंबील इथल्या घराघरांत आहे, कित्येक ठिकाणी गौरींच्या नैवेद्यालाही असते. आंबट, किंचित फसफसणारं धान्याचं पेय मराठी जिभेला परकं नाही. आंबिलीत नशा नसते हा फरक खरा, पण चवीच्या बाबतीत पुण्याच्या कुठल्याही ब्रूअरला जर्मनीकडे बघण्याआधी इथे बघता आलं असतं. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि २०१६ मध्ये तिला वारशाचा दर्जा दिला. त्यामागे चव, झाड आणि भट्टीवाला या तिघांचा पत्ता होता. फेणीही कडक दारूच आहे आणि गोव्यातही दारूने घरं मोडतात. तरी ती कोणी, कुठे, कशाची काढली हे सांगता येतं, एवढा फरक पडला.

तेव्हा नगरमध्ये उद्या मायक्रोब्रूअरी काढा असं म्हणायला हा लेख लिहिलेला नाही. ‘स्थानिक’ म्हणून सवलत किंवा मान हवा असेल तर काय पुरावा द्यावा, एवढंच विचारायचं आहे. पहिला पुरावा धान्याचा. युगांडासारखं करा: पिंपातल्या धान्यापैकी ठरावीक वाटा राज्यातल्या कोरडवाहू पिकाचा असेल तरच शुल्कात सूट, आणि तो वाटा पेल्याशेजारच्या पाटीवर लिहिलेला असावा. दुसरा, सुरुवातीच्या फूटपट्टीत नसलेला, ताकदीचा. चार टक्क्यांच्या बिअरला आणि चाळीस टक्क्यांच्या मद्यार्काला धोरणात एकाच तागडीत तोलणं थांबवा. जितकी कडक तितका कर चढता, मग ती मळीची असो की धान्याची, गावची असो की विलायतेची. तिसरा पाण्याचा. हिवरेबाजार जसा ताळेबंद मांडतं तसा मद्य करणाऱ्या प्रत्येकाने, छोट्या घाण्यापासून वाळूजच्या कारखान्यापर्यंत आणि प्रवरेकाठच्या आसवनीपर्यंत, वर्षाला एकदा मांडावा. राहुरीच्या विद्यापीठाने ज्वारीच्या माल्टचा प्रयोग केला तर तो बिअरवाल्यांइतकाच पोषक आहार बनवणाऱ्यांच्याही कामाला येईल, हा त्यातला वरकड फायदा.

चौथी गोष्ट नकाराधिकाराची, आणि तिच्याशिवाय वरच्या तिन्ही निरर्थक आहेत. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी. पण दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाचं बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे त्या दिवशी ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी असलेली, नाहीतर नवऱ्याच्या धाकाने घरातच राहिलेली बाई आपोआप बाटलीच्या बाजूने मोजली जाते. गावात दारू बनवण्याचा, विकण्याचा किंवा पर्यटकाला पाजण्याचा कुठलाही नवा परवाना देताना हा हिशोब उलटा करावा: यादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांनी येऊन होकार दिला तरच परवाना, आणि जी आली नाही तिचा नकार धरायचा. ज्या ब्रूअरला आपली बिअर खरोखर गावची वाटते, त्याने या अटीवर सही करावी.